मुंजीचं डोकं आणि सहा मिलिमीटरचा नियम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ईस्टरच्या सुट्टीत पुण्यात मुलाची मुंज केलीत, चकोट करून शेंडी ठेवली. इकडे इंग्लंडात परतल्यावर शाळेने 'एक्स्ट्रीम हेअरकट', म्हणजे टोकाची केसकापणी, म्हणून त्याला तीन दिवस वर्गाबाहेर वेगळ्या खोलीत बसवलं आणि केस वाढेपर्यंत तिथेच बसेल म्हणतायत. वर एका शिक्षकाने 'तुमच्या देशात चालत असेल, इथे नाही' असं त्याला सुनावलं. तुमच्या घरचे साहेब, म्हणजे तुमचे मिस्टर, म्हणतात रेसिझमची तक्रार ठोकू. तुम्ही म्हणता उगाच डोळ्यावर यायला नको, टोपी घालून पाठवू.

मी इंग्लंडात सव्वीस वर्षं आहे आणि त्यातली आठ एका माध्यमिक शाळेच्या गव्हर्नर मंडळावर, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर, काढली आहेत. म्हणजे तक्रारी केल्याही आहेत आणि टेबलाच्या पलीकडे बसून ऐकल्याही आहेत. मला विचाराल तर साहेबांचा 'रेसिझम' हा शब्द आज नको आणि तुमची टोपीही नको.

आधी हिशोब बघा. या नियमात बऱ्याच शाळा 'ग्रेड टूपेक्षा बारीक नको' असं लिहितात. ग्रेड टू म्हणजे मशीनची दोन नंबरची पट्टी, सहा मिलिमीटर. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. अडीच-तीन आठवड्यांत वाद आपोआप मिटणार आणि हे शाळेलाही पक्कं ठाऊक आहे. म्हणून तुमच्या फोनला 'हेडशी (मुख्याध्यापकांशी) बोलून कळवतो' असं गोड उत्तर येतं आणि दिवस जातात. जे करायचं ते आज रात्री मेल लिहून करा. फोनवर झालेलं बोलणं हवेत जातं.

आता हा रेसिझम आहे का? इथला कायदा दोन वेगळ्या गोष्टी मानतो. एक म्हणजे कुणाला त्याच्या वंशामुळे किंवा धर्मामुळे मुद्दाम वेगळं वागवणं. दुसरी म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच, पण त्याचा भुर्दंड एकाच गटाला. २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टमध्ये याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलंय. इथे शाळेचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावं लागत नाही. शाळेला मात्र दाखवावं लागतं की नियमामागे रास्त कारण आहे आणि ते साधायला एवढी सक्ती गरजेची होती. केसांचा नियम या दुसऱ्या खात्यात बसतो. त्या शिक्षकाचं वाक्य पहिल्या. दोन्हींची खिचडी केलीत तर दोन्ही कच्ची राहतील.

हेतूचं म्हणाल, तर १९८३ चा बर्मिंगहॅमचा मंडला खटला बघा. एका खाजगी शाळेच्या हेडमास्तरांनी शीख मुलाला पगडी उतरवून केस कापल्याशिवाय प्रवेश नाही म्हणून सांगितलं. त्यांचं म्हणणं, शाळेत सगळ्या वंशांची मुलं आहेत, त्यांच्यातला वेगळेपणा डोळ्यांवर येऊ नये. ऐकायला किती छान! हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च कोर्टात, ते हरले. पुढे २००८ मध्ये वेल्समधल्या ॲबरडेअरचं कड्याचं प्रकरण झालं. शाळेतली एकुलती एक शीख मुलगी, हातात कडं, नियम 'दागिने नकोत'. तिला आठवडेच्या आठवडे इतर मुलींपासून वेगळं बसवलं, मग शाळेबाहेर काढलं. हायकोर्टात शाळा हरली. तुमच्या मुलाची ती वेगळी खोली वाचून मला पहिल्यांदा हेच आठवलं.

पण तुमच्या सगळ्यात जवळचा निकाल २०११ चा, उत्तर लंडनमधल्या सेंट ग्रेगरीज शाळेचा. आफ्रिकन-कॅरिबियन कुटुंबातला अकरा वर्षांचा मुलगा. घराण्यात केस न कापता कॉर्नरो, म्हणजे डोक्याला चिकटून घट्ट वेण्या घालायची रीत. पहिल्याच दिवशी त्याला परत पाठवलं. शाळेला धास्ती होती ती गँगच्या फॅशनची, आणि ती काही पोकळ नव्हती. न्यायाधीशांनी नियम रद्द केला नाही. नियम ठेवा, पण कुणाच्या घरची, समाजाची रीत असेल तर अपवादाला जागा ठेवा, दार बंद करून बसू नका, असा निकालाचा मथितार्थ. तुम्हाला तेवढीच फट हवी आहे. २०२२ मध्ये इथल्या समानता आयोगानेही शाळांसाठी केसांबद्दल मार्गदर्शन काढलं. ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांच्या केसांबद्दल आहे, पण तुमच्या मेलमध्ये त्याचा उल्लेख चालेल.

उलटी बाजूही सांगते, नाहीतर साहेब निकालांची यादी घेऊन हेडच्या केबिनमध्ये घुसतील. ल्यूटनच्या डेन्बी हायस्कूलची मुलगी जिलबाबसाठी, म्हणजे अंगभर सैल झग्यासाठी, लढली आणि २००६ मध्ये हरली. तिथली हेड स्वतः बंगाली मुसलमान घरातली होती. शाळेने पालकांशी, मशिदींशी बोलून सलवार-कमीज आणि डोक्याला स्कार्फ गणवेशात आधीच बसवला होता. शाळेने विचार करून, विचारून नियम केला असेल तर कोर्ट सहसा हात घालत नाही. तुमच्या शाळेने मुंजीचा विचार केला नसणारच. त्यांनी तो शब्दच ऐकलेला नसेल.

(एक टोचणारी गोष्ट बोलून टाकते. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबवरून मुलींना वर्गाबाहेर ठेवलं तेव्हा आपल्याच ओळखीतल्या किती जणांनी 'नियम म्हणजे नियम' लिहिलं होतं! त्यातले दोघे काल तुमच्या बाजूने तावातावाने बोलत होते. असो.)

आता माझा गाढवपणा. माझ्या भावाच्या लग्नाहून आलो तेव्हा लेकीच्या हातावर कोपरापर्यंत मेंदी होती. शाळेने 'पुसून ये' म्हटलं. मेंदी पुसून ये! मी तिथल्या तिथे फोन लावला आणि तिसऱ्या वाक्यात रेसिस्ट म्हणाले. पलीकडची बाई एकदम गप्प झाली. त्यानंतर माझ्याशी माणूस बोललंच नाही, फक्त पत्रं आली. प्रत्येक पत्रात 'शाळा वैविध्याचा आदर करते' हे वाक्य, आणि लेक मात्र मेंदी फिकट होईपर्यंत दुपारच्या सुट्टीत ऑफिसबाहेरच्या बाकावर. पुढे कळलं की त्याच आठवड्यात एका गोऱ्या मुलीलाही खोट्या टॅनसाठी त्याच बाकावर बसवलं होतं. बाईंच्या लेखी दोन्ही एकच, अंगाला लावलेला रंग. मेंदी म्हणजे लग्नघरचं काय असतं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी सांगायच्या ऐवजी शिवी दिली होती.

हा शब्द इथे एवढा जड का, तेही समजून घ्या. स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनानंतर पोलिसांच्या तपासाची जी चौकशी झाली, तिचा मॅक्फर्सन अहवाल १९९९ मध्ये आला. सोसणाऱ्याला किंवा दुसऱ्या कुणालाही एखादी घटना वंशद्वेषी वाटली तर ती तशीच नोंदवायची, ही व्याख्या त्यातली. व्याख्या चांगलीच आहे, तिच्यामुळे दडपलेल्या गोष्टी कागदावर आल्या. पण शाळांनी त्यातून कागद तेवढा उचलला. मी मंडळावर असताना एका गुजराती मुलाला वर्गातली पोरं रोज 'करी' म्हणून नाक दाबायची. फॉर्म भरला गेला, खाली सही, फाइल बंद. त्या मुलाशी कुणी पाच मिनिटं बोललेलं नव्हतं. म्हणून 'हल्ली काही बोलायची सोय नाही' असं कुरकुरणाऱ्या शिक्षकांशी मी अर्धीच सहमत. बोलायची सोय खूप आहे, ऐकायची नाही.

तर मेल दोन लिहा. पहिला हेडला, केसांबद्दल. मुंज म्हणजे काय ते तीन ओळींत, डोकं कधी आणि का केलं, सोबत एक फोटो. खरं तेच लिहा. 'सगळ्या हिंदूंना सक्तीचं' असं ठोकून देऊ नका, कारण ते खोटं आहे. मुंज ठरावीक जातींतच होते, हल्ली बरेच जण नुसता घेरा ठेवतात किंवा चार केस कापून मोकळे होतात. तुमच्या घरात चकोट करतात आणि ते तुम्हाला महत्त्वाचं आहे, एवढं लिहा. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये डर्बनच्या एका तमिळ मुलीच्या नाकातल्या चमकीचा खटला तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेला होता. चमकी धर्माने सक्तीची नाही हे तिच्या घरच्यांनाही मान्य होतं, ती आजी-आईकडून आलेली रीत होती. तरी कोर्टाने तिची बाजू घेतली. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण लाज न वाटता 'आमची रीत' म्हणायला बळ देतो. मग विचारा: हेअरकटच्या नियमात धार्मिक अपवाद कसा मागायचा, आणि मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याचा निर्णय कुणी, कुठल्या कलमाखाली घेतला. सरकारी मार्गदर्शनानुसार मुलाला वर्गातून काढलं तर त्याच दिवशी पालकांना कळवायला हवं, आणि त्याचा अभ्यास चालू राहायला हवा. तुम्हाला कधी कळलं ते तारखेसह लिहा.

दुसरा मेल त्या वाक्याबद्दल. कोण, कधी, कुठे, आणखी कुणी ऐकलं, आणि वाक्य जसंच्या तसं. विशेषण एकही नको. 'तुमच्या देशात' हे शब्द इथे जन्मलेल्या मुलाला उद्देशून होते, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसेल. उत्तर उडवाउडवीचं आलं तर गव्हर्नरांकडे औपचारिक तक्रार, आणि तेव्हा साहेबांचा शब्द खुशाल वापरा. कोर्टाची मुदत सहा महिन्यांची असते, पण तिथवर जाल असं वाटत नाही.

टोपीचं मुलालाच विचारा. त्याला हवी असेल तर घालू दे, तुम्हाला लपवायचं आहे म्हणून नको. पी.ई.च्या, म्हणजे खेळाच्या तासाच्या, दिवशी कपडे बदलताना जानवंही दिसणार, त्यावर काय बोलायचं ते त्याचं त्याला ठरवू दे. माझ्या भाच्याने वर्गात 'सीटबेल्ट आहे' म्हणून सांगितलं होतं. आठवडाभर सगळे त्याला ड्रायव्हर म्हणत होते, आणि तो खुश होता.