अलॉय व्हील पुन्हा रंगवायचेत, जळगावात राहतो. ग्लॉस काळा घेऊ की मॅट?

दोन्ही नको, गनमेटल राखाडी घ्या, सॅटिन फिनिशमध्ये (ग्लॉस अन् मॅटच्या मधली मंद चमक), तेही पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड चिकटवून भट्टीत भाजतात ते. धुळ्यात हेच काम करतो म्हणून सांगतो. ग्लॉस काळ्यावर आपल्याकडची धूळ अन् ब्रेकची भुकटी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी उठून दिसते, पुसताना पडलेले ओरखडे वेगळेच. मॅटमध्ये पावसाळ्यातली काळी माती अशी रुतते की ब्रश घासून हात दुखतात. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्की होते, म्हणून टायर उतरवावाच लागतो. ‘टायरसकट करून देतो’ म्हणणारा साधा स्प्रे मारतो. नट बसतात ती जागा झाकायला सांगा, तिथे थर चढला तर नट ढिले पडतात. मात्र व्हीलला तडा असेल तर रंगवू नका, बदलाच.