लूरच्या (नकली आमिषाच्या) गळाला स्विव्हल (गोल फिरणारा जोड) लावल्यानं मासे जास्त हाती येतात का?

हो, लागलेला मासा सुटण्याचं प्रमाण कमी होतं. मासा लागणं मात्र त्यानं वाढत नाही. मरळ गळाला लागली की गिरक्या घेते, डोकं झटकते. गळ नुसत्या कडीत असला तर कडी एका मर्यादेपुढे वळत नाही, मग लूरचं अंगच तरफेसारखं होऊन गळ उचकटून काढतं. स्विव्हल असला की पीळ तिथेच सुटतो, टोक जबड्यात रुतून राहतं. वैनगंगेच्या मोकळ्या पाण्यात मी त्याशिवाय लूर टाकतच नाही. पण भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत कमळ आणि पाणगवत दाट असेल तर लोंबता गळ प्रत्येक फेकीला अडकतो; तिथे वर टोकं असलेल्या दुहेरी गळाचा रबरी बेडूक घ्या. गळ बोथट असेल तर आधी त्याला कानस लावा.