‘देत नाही’ आणि ‘देणं लागत नाही’

प्रश्न एका भाषांतर करणाऱ्या ताईंचा आहे. अमेरिकी कायद्यावरचा एक अभ्यासलेख त्या मराठीत आणतायत आणि ‘टॅक्स प्रोटेस्टर’पाशी अडल्या आहेत. आधी त्यांनी ‘करबुडवे’ लिहिलं, मग खोडून ‘साराबंदीवाले’ केलं. आता दोन्ही खटकतायत. शिवाय या मंडळींच्या युक्तिवादांना तिथली कोर्टं ‘फ्रिव्हलस’ म्हणतात. कोशात त्याला ‘क्षुल्लक’ दिलंय, ते चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, खटकतंय ते बरोबर खटकतंय. करबुडव्या माणूस कायदा मानतो, म्हणून तर लपवतो. एक वही साहेबाला दाखवायची, एक गादीखाली. त्याचं वाक्य असतं, ‘भरला की हो सगळा!’ साराबंदीवाल्याचं वाक्य याच्या उलट. बारडोलीत १९२८ साली वाढीव सारा भरायचा नाही असं ठरलं, तेव्हा शेतकऱ्यांनी ते तोंडावर सांगितलं आणि जमिनी-म्हशींची जप्ती सोसली. त्याच्या कितीतरी आधी, १८४६ मध्ये, अमेरिकी लेखक थोरोने गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला डोईपट्टी द्यायची नाही म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये एक रात्र तुरुंगात काढली. या लोकांचं वाक्य, ‘देत नाही, काय करायचं ते करा.’

टॅक्स प्रोटेस्टर यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मी कर देणं लागतच नाही.’ कायदा वाईट आहे अशी त्याची तक्रार नसते. कायदा नीट वाचलात तर त्यात मी नाहीच, असा त्याचा दावा असतो. मराठीत ‘देणे’ आणि ‘देणे लागणे’ यांत जो फरक आपण वाण्याच्या उधारीपासून पाळत आलो, तोच इथे कामाला येतो.

आणि त्याचा सगळा दावा शब्दांवर उभा असल्यामुळे आपल्यासारख्यांना त्यात कायद्याच्या माणसांपेक्षा जास्त मजा येते. मी वकील नाही. पण हे निकाल मी दिवाळी अंकासारखे वाचतो.

एक नमुना बघा. अमेरिकी संविधानाची सोळावी दुरुस्ती १९१३ मध्ये लागू झाली, तिने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, राज्यांच्या लोकसंख्येप्रमाणे वाटणी न करता आयकर बसवायचा अधिकार दिला. राज्यांनी मान्यतेचे जे ठराव पाठवले त्यांत काना-मात्रेच्या चुका होत्या. इलिनॉयच्या कागदात ‘शिरगणती’च्या जागी ‘मोबदला’ असा अर्थ देणारा शब्द पडला, कारण इंग्रजीत त्या दोन शब्दांत एक जादा अक्षर आणि दोन अक्षरांची अदलाबदल एवढाच फरक आहे. मिझुरीने ‘बसवणे’च्या जागी ‘आकारणे’ला जवळचा शब्द लिहिला. वॉशिंग्टनने ‘उत्पन्ने’चं ‘उत्पन्न’ केलं. यावर यांचं म्हणणं, म्हणजे दुरुस्ती मंजूरच झाली नाही, म्हणजे आयकरच नाही! सातव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे तिथल्या अपील कोर्टाचा विभाग) अपील कोर्टाने १९८६ मध्ये हे ऐकून घेतलं आणि फेटाळलं. या चुका १९१३ मध्येच परराष्ट्रमंत्री नॉक्स यांच्यापुढे आल्या होत्या, त्यांनी त्या पाहूनच दुरुस्ती मंजूर झाल्याचं जाहीर केलं होतं. ऱ्हस्व-दीर्घावरून ठराव रद्द होऊ लागले तर आमच्या सोसायटीची आजवरची एकही सभा झालेली नाही असं धरावं लागेल.

दुसरा नमुना भाषांतरकाराची परीक्षा घेणारा. अमेरिकी सुप्रीम कोर्टाने १९६० च्या फ्लोरा खटल्यात म्हटलं होतं की आपली करपद्धती जप्तीवर उभी नाही, ‘व्हॉलंटरी’ आकारणी आणि भरण्यावर उभी आहे. तेवढा एक शब्द उचलून ही मंडळी म्हणतात, बघा, कर ‘व्हॉलंटरी’ आहे, मला वाटलं तर भरेन. आता मराठीत या एका शब्दाला दोन शब्द आहेत. शाळेत चित्रकला ‘ऐच्छिक’ असते, घ्या नाहीतर सोडा. आणि ‘दार वाजायची वाट न बघता स्वतःहून हिशेब करून भरून टाका’ यातलं ‘स्वतःहून’ वेगळं. कोर्टाला दुसरं म्हणायचं होतं. आपल्याकडच्या करखात्याच्या मराठीतही ‘स्वयंनिर्धारण’ आहेच, त्याला कुणी ऐच्छिक समजत नाही. गंमत अशी की अचूक भाषांतर केलंत तर युक्तिवादच नाहीसा होतो आणि वाचकाला कळत नाही भांडण कशावरून होतं. अशा ठिकाणी मी ‘स्वेच्छेने’ वापरतो. त्यात दोन्ही अर्थांना जागा राहते, आणि खुलासा पुढच्या वाक्यात करता येतो.

तिसरा नमुना ‘समावेश’चा. पगारातून कर कापण्याच्या कलमात लिहिलंय की ‘कर्मचारी’ या शब्दात सरकारी अधिकारी, कर्मचारी, लोकनियुक्त पदाधिकारी यांचा समावेश होतो. यावर यांचं म्हणणं, म्हणजे फक्त सरकारी माणूस कर्मचारी, मी खाजगी कारखान्यातला, मी सुटलो. वास्तविक त्याच कायद्यात पुढे सांगितलंय की ‘समावेश होतो’ म्हटल्याने शब्दाच्या नेहमीच्या अर्थातलं दुसरं काही वगळलं जात नाही. खानावळवाल्याने सांगितलं की ताटात लोणचं-पापडही धरलाय, तर पोळी-भाजी नाही असं कुणी समजतं का?

मोठ्या लिपीतल्या नावाचा युक्तिवाद तर मराठीत आणताच येणार नाही. नोटिशीवर माझं नाव सगळ्या कॅपिटल अक्षरांत छापलंय, तो मी नव्हे, ती सरकारने बनवलेली वेगळीच कायदेशीर व्यक्ती, असं म्हणणारे आहेत. देवनागरीला कॅपिटल नाहीत, त्यामुळे आपण या एका सबबीला जन्मतःच मुकलोय.

या प्रकाराला आपल्याकडे जुनं नाव आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, ‘छल’ म्हणून सांगितलाय, त्यातला पहिला ‘वाक्छल’. उदाहरण ठरलेलं: ‘हा मुलगा नवकंबल आहे,’ म्हणजे याच्या अंगावर नवी कांबळ आहे. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ? मला तर एकच दिसते. मराठीत याचा ‘शब्दच्छल’ झाला आणि तो अजून रोजच्या बोलण्यात आहे. आपल्या म्हणीवरही असा प्रयोग करता येतो. ‘कर नाही त्याला डर कशाला’मधला ‘कर’ म्हणजे कृत्य. पण टॅक्स प्रोटेस्टरच्या हाती ही म्हण लागली तर तो ती फ्रेम करून भिंतीवर लावेल. ‘वितंडवाद’ मात्र इथे मी टाळेन. शास्त्रात वितंडा करणाऱ्याला स्वतःची बाजूच मांडायची नसते, फक्त समोरच्याची खोडायची असते. ह्यांची बाजू भरपूर असते, आणि काही गुरू ती पैसे घेऊन शिकवतात. ‘गुरू’ हा माझा टोमणा नाही. कॅनडातल्या आल्बर्टाचे न्यायाधीश रूक यांनी २०१२ मध्ये एका घटस्फोटाच्या प्रकरणात अशा सगळ्या पंथांचा भलामोठा निकाल लिहिला, त्यात त्यांनीच हा शब्द वापरलाय. सर्वांना मिळून एक नाव नव्हतं म्हणून त्यांनी ते घडवलं. मराठीत ते साधारण ‘संघटित, कायद्याचा आव आणणारे व्यापारी युक्तिवाद’ असं होईल. नाव ठेवायला न्यायाधीशालाही बसावं लागलं, तर ताईंनी दोनदा खोडलं यात नवल नाही.

आता ‘फ्रिव्हलस’. ‘क्षुल्लक’ नको. क्षुल्लक म्हणजे लहानसं, दुर्लक्ष करण्याजोगं. आणि इथे तर असलं विवरणपत्र भरल्याबद्दल ५,००० डॉलर दंड आहे (२००६ च्या दुरुस्तीआधी ५०० होता), आणि कर-न्यायालयात हट्ट धरला तर २५,००० पर्यंत. ‘निराधार’ अर्थाने जवळचा, पण आपल्याकडे तो म्हटला की पेन्शनच्या रांगेतल्या आजी आठवतात. मी ‘बिनबुडाचा’ घेईन. कोर्टाचा सूरही तोच असतो. पाचव्या सर्किटने १९८४ मध्ये एकाला सांगितलं ते असं: या युक्तिवादांचं गंभीर तर्काने आणि ढीगभर दाखल्यांनी खंडन करायची गरज वाटत नाही, तसं केलं तर त्यांत काही तथ्य आहे असं वाटेल. बुडच नाही त्या भांड्यात कोण पाणी ओतणार!

ताईंच्या लेखात विमानाचा पायलट चीक यांचा खटला येणारच, म्हणून तोही शब्द सांगतो. चीक यांनी १९८० पासून विवरणपत्रं भरणं सोडलं, पगार म्हणजे उत्पन्न नव्हे म्हणून. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं की गुन्हा ठरायला तो ‘विलफुल’ हवा. माणसाचा प्रामाणिक गैरसमज असेल, मग तो कितीही खुळचट असो, तर विलफुल नाही. पण कायदा घटनाबाह्य आहे असं म्हणणाऱ्याला कायदा चांगलाच माहीत असतो, त्याला ही सूट नाही. पुन्हा खटला चालला आणि चीक दोषी ठरले. इथे ‘हेतुपुरस्सर’ लिहू नका, त्यात हेतू आला पण जाणीव आली नाही. ‘जाणूनबुजून’ लिहा. हिंदीतल्या ‘जान-बूझकर’चा तो भाऊ, आणि कोर्टाने फोड केली ती नेमकी त्या जाणण्याचीच.

राहिलं मूळ नाव. ‘करविरोधक’ नको, करकपात मागणारा आमदारही करविरोधक असतो. ‘निषेध’ आणला तर १७७३ मध्ये करावरून चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्या बोस्टनकरांचा मान फुकट मिळतो, आणि तो त्यांना हवाच असतो. करविरोधी भाषेचं नातं अमेरिकेतल्या क्रांतीच्या हक्काशी कसं जोडलं जातं यावर कायद्याच्या प्राध्यापक मार्जरी कॉर्नहाउझर यांनी २००२ मध्ये लिहिलंय. माझ्या मनात आधी ‘करनास्तिक’ आला होता, ‘न अस्ति’ म्हणणारा तो नास्तिक, पाणिनीपासूनची व्युत्पत्ती. ऐकायला झकास. पण त्यात शेरा आहे, शिवाय खरे नास्तिक रागावतील. आणि शेऱ्याच्या बाबतीत या मंडळींचा एक विजय नोंदलेला आहे: १९९८ च्या कायद्याने अमेरिकी करखात्याला कुणाही करदात्यावर ‘बेकायदा टॅक्स प्रोटेस्टर’ असा शिक्का मारायला बंदी केली. खात्याने फार तर ‘विवरण न भरणारा’ म्हणावं. एवढे खटले हरून त्यांनी जिंकला तो एक शब्द.

म्हणून शेऱ्याशिवायचं ‘करदायित्व नाकारणारे’ पहिल्यांदा लिहा, पुढे ‘करनाकारवादी’ करा, आणि लेखकाचा सूर सैल होतो तिथे सरळ ‘लागत-नाहीवाले’. तुम्ही पाठवलेलं वाक्य मग असं होईल: ‘करनाकारवाद्यांचे बिनबुडाचे युक्तिवाद न्यायालयांनी वेळोवेळी फेटाळले आहेत.’ तुमच्या कच्च्या खर्ड्यात ‘सातत्याने’ आहे, तेही चालेल.