जिमचं २२ हजारांचं पॅकेज घ्यायचं, की दीड हजाराचा झुंबा पुरे?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. भरपूर लांब लिहिलंय त्यांनी (चांगलंच केलं, आकडे सगळे दिलेत), मी थोडक्यात सांगतो. वय ३६, पणजीत प्रायव्हेट नोकरी, हातात ४१ हजार. मिस्टर कुंडईला कंपनीत, हातात ३८ हजार. मुलगी चौथीत, सासूबाई सोबत राहतात आणि त्यांना बरीच वर्षं शुगर. मागच्या महिन्यात ताईंनी स्वतःची टेस्ट केली तर एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण बॉर्डरवर, डॉक्टर म्हणाले व्यायाम सुरू करा. ताई दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या जिममध्ये. तिथे वर्षाचं पॅकेज २२ हजार, ऑफर ३० तारखेपर्यंतच, पर्सनल ट्रेनर महिन्याला ६ हजार, आणि झुंबाची बॅच आहे ती वेगळी, दीड हजार. मिस्टर म्हणतात काही नको, फर्मागुडीला चालायला जा, फुकट आहे. यावरून घरात वाजलंय. ताईंचा प्रश्न एवढाच की महिन्याला व्यायामावर किती खर्च करणं बरोबर.

ताई, आधी तुमचेच आकडे मांडतो. तिन्ही गोष्टी घेतल्या तर महिन्याला १,८३३ अधिक ६,००० अधिक १,५००, म्हणजे ९,३३३. आता घरचं बघा. घराचा हप्ता २१ हजार, शाळा आणि बस साडेसहा, किराणा-मासे-गॅस-लाईट २० हजार, सासूबाईंची औषधं ३, दोन गाड्यांचं पेट्रोल साडेपाच, सोसायटी दीड, एसआयपी (दर महिन्याची फंडातली गुंतवणूक) ६, मोबाईल-बिबाईल आणि किरकोळ ४. झाले साडेसदुसष्ट. ७९ मधून उरतात साडेअकरा हजार. कागदावर ९,३३३ बसतात म्हणून तुम्हाला वाटतंय परवडेल.

पण तुमच्या मेलच्या अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय की मिस्टर आठवड्यातून दोनदा रात्री टर्फवर (भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावर) फुटबॉल खेळायला जातात, प्रत्येकी दोनशे काढतात. अहो मग हे महिन्याचे साधारण सतराशे रुपये झाले, आणि ते तुमच्या खर्चाच्या यादीत कुठेच नाहीत! खेळून झाल्यावरचं सोडा-चिप्स वगैरे मी धरतच नाही. म्हणजे घरात व्यायामावर खर्च आधीपासून चालू आहे, फक्त त्याला कुणी व्यायामाचा खर्च म्हणत नाही कारण तो दोनशे दोनशे करून खिशातून जातो. बायकोने पॅकेज म्हटलं की एकदम मोठा आकडा दिसतो. मिस्टरांचा टर्फ बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, चाळिशीच्या जवळचा माणूस आठवड्यातून दोनदा धावतोय तर धावू दे. पण यादीत घ्या. तो घेतला की साडेअकराचे ९,८०० होतात, त्यातून ९,३३३ गेले की हातात ४६७ रुपये. चवथ (गणपती), गाड्यांचे इन्शुरन्स, घरातली लग्नं, सगळं या ४६७ मध्ये. नाही जमणार.

आता किती हा प्रश्न. पगाराच्या अमुक टक्के असं सांगणं मला आवडत नाही, कारण ३० हजारवाल्याचे पाच टक्के आणि दीड लाखवाल्याचे पाच टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी साधं बघतो, हप्ता, घरखर्च आणि बचत काढून जे उरतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत व्यायामाला द्यायला हरकत नाही, आणि हा आकडा अख्ख्या घराचा, एकट्याचा नाही. साडेअकराचा तिसरा हिस्सा ३,८००-३,९०० येतो, आपण ४ हजार धरू, टर्फसकट. माझा हा ठोकताळा आहे, कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

बाकीच्या साडेसात हजारांना काम आहे. तुमच्याकडे अडीअडचणीला ७० हजार आहेत, म्हणजे जेमतेम एका महिन्याचा खर्च. दोघांची नोकरी प्रायव्हेट, घर हप्त्यावर, एवढ्यावर झोप कशी लागते हो? महिन्याला ४ हजारांची आरडी (बँकेतली दर महिन्याची ठेव) किंवा लिक्विड फंड (लगेच पैसे काढता येतात असा म्युच्युअल फंड) काहीही चालू करा, निदान तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. उरलेले साडेतीन हजार वेगळ्या खात्यात, चवथीला आणि वर्षातून एकदा येणाऱ्या प्रीमियमना. प्रीमियमचं पुढे बोलतो कारण ते जिमपेक्षा अर्जंट आहे.

तर ४ हजारात टर्फचे सतराशे गेले, तुमच्याकडे तेवीसशे. यात काय घ्यायचं? इथे मी जरा वेगळं सांगणार आहे, जिम नको, झुंबा घ्या.

कारण तुमच्याच मेलमध्ये आहे. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाच महिने तुम्ही झुंबाला गेलात, एकही आठवडा चुकला नाही, शिकवणारी मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली म्हणून बंद पडलं. जिमबद्दल लिहिताना मात्र "आता जायलाच पाहिजे" असं लिहिलंय. माणूस पुढे काय करेल हे तो ठरवतो त्यापेक्षा त्याने आधी काय केलंय त्यावरून जास्त कळतं, निदान पैशांच्या बाबतीत तरी मी असंच बघतो. जे तुम्ही पाच महिने हौसेने केलंत त्याला दीड हजार, आणि जे एकदाही केलेलं नाही त्याला एकरकमी २२ हजार, हे उलटं होतंय.

वर्षाच्या पॅकेजचं गणित पण सांगतो. त्याच जिमची महिन्याची फी अडीच हजार आहे म्हणता, तीन महिन्यांची ६ हजार. २२ भागिले अडीच, ८.८. म्हणजे वर्षातले जवळजवळ नऊ महिने गेलात तरच वार्षिक पॅकेज स्वस्त, नाहीतर महिन्या-महिन्याला भरलेलं बरं. आता आपल्याकडचं वर्ष डोळ्यासमोर आणा. जून-जुलैत पावसात संध्याकाळी परत बाहेर पडायचा कंटाळा, चवथीला तुम्ही गावच्या घरी, मग दिवाळी, थंडी सुरू झाली की जत्रा आणि पाहुणे, मे महिन्यात मुलीला घेऊन माहेरी. शिवाय रोज पणजीहून येताना बाणस्तारीला ट्रॅफिक लागला की तुम्ही घरी सात-सव्वासातला, जिमची तुमची बॅच सातची. वर्षात दीडशे दिवस गेलात तर एका दिवसाचे १४७ रुपये पडतात, छान आहे. चाळीस दिवस गेलात तर ५५०. बरीच जिम या दुसऱ्या प्रकारच्या मेंबरांवरच चालतात, सगळे मेंबर रोज आले तर ट्रेडमिलसाठी मारामारी होईल.

आणि ती नो-कॉस्ट ईएमआयची ऑफर. काउंटरवरची मुलगी म्हणाली ना, महिन्याला दोन हजारसुद्धा पडत नाहीत म्हणून. ताई, ईएमआय म्हणजे कर्जच. पैसे जिमला एकदम मिळतात, तुम्ही बँकेला किंवा त्या अ‍ॅपवाल्या फायनान्स कंपनीला देणं लागता. उद्या जिमला कुलूप लागलं, मालक बदलला, तुमचा गुडघा दुखायला लागला, हप्ता चालूच, चुकला तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचं खराब. क्रेडिट कार्डावर घेतलंत तर व्याज डिस्काउंट म्हणून वळतं केलं तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बहुतेक बँका लावतात, वर प्रोसेसिंग फी असते ती वेगळीच. एकरकमी भरलं तर किती, एवढं विचारून बघा, आकडा खाली येतो की नाही बघा, आला तर नो-कॉस्टमधली कॉस्ट कुठे होती ते कळेल.

जीएसटीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगा सेंटरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कधीही पैसे भराल तेव्हा बिल मागा, त्यावर ५ च टक्के लावलेत ना आणि जीएसटी नंबर आहे ना बघा. वर्षाला २० लाखांच्या आतला धंदा असेल तर रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, पण मग त्यांनी जीएसटी घ्यायचाही नाही. आणि "टॅक्समध्ये बसतं मॅडम" असं जे तुम्हाला सांगितलं ते साफ खोटं, जिमच्या फीला इन्कम टॅक्समध्ये कसलीही सूट नाही. इन्कम टॅक्सच्या ८०डी कलमाखाली ५ हजारांपर्यंत हेल्थ चेकअप बसतं ते जुन्या रिजीममध्ये, आणि तुमच्या पगारावर नव्या रिजीममध्ये तसाही टॅक्स शून्य येतो, त्यामुळे तो विषयच सोडा.

आता मिस्टरांच्या फुकट चालण्याकडे येतो, कारण ते अर्धे बरोबर आहेत. डब्ल्यूएचओ सांगतं ते असं, आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा, म्हणजे वजनं वगैरे. पहिला भाग फर्मागुडीच्या चढावर खरंच फुकटात होतो, झुंबानेही होतो. दुसरा भाग चालून होत नाही. तेव्हा पैसे टाकायचेच तर जे फुकट शिकता येत नाही त्यावर टाका. तेवीसशेमधून झुंबाचे दीड हजार गेले की आठशे उरतात, तीन महिन्यांचे चोवीसशे. त्याच जिमच्या ट्रेनरला विचारा की पूर्ण महिना नको, सुटी चार सेशन द्याल का. ट्रेनरचे महिन्याचे १२ सेशनचे ६ हजार म्हणजे एकाचे ५००, सुट्याला ६०० म्हणाला तरी चारचे चोवीसशेच. स्क्वॉट कसा, पाठ कुठे ठेवायची, रबर बँड कसा ओढायचा, एवढं नीट शिकून घ्या आणि आठवड्यातून दोन दिवस घरी करा. सहा-सहा हजार दर महिन्याला देऊन शेजारी उभा राहून आकडे मोजणारा माणूस सध्या तुम्हाला नको. सुटी सेशन नाहीच म्हणाला तर फोंड्यात दुसरं जिम आहेच. ऑफिस पणजीत आहे तर कांपालला स्पोर्ट्स अथॉरिटीचा स्विमिंग पूल आहे, तिथलीही चौकशी करून ठेवा.

शूज मात्र चांगले घ्या, तीनेक हजार जातील, त्यासाठी आरडी एक महिना उशिरा सुरू केली तरी चालेल. प्रोटीन पावडरचा डबा नको, बांगडे आणि अंडी खा.

तीन महिन्यांनी बघा. कॅलेंडरवर गेलेल्या दिवशी टिक करा, बॅचच्या चारपैकी तीन दिवस जात असाल तर मग जिमचं तीन महिन्यांचं घ्या हवं तर, महिन्याला २ हजार पडतील. पण तेव्हा झुंबा किंवा जिम, दोन्ही ४ हजारात बसत नाहीत. घेताना फ्रीज (मेंबरशिप मध्येच थांबवून ठेवणं) किती दिवस मिळतो, मध्येच बंद केलं तर पैसे परत की नाही, हे पावतीवर लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "हो मॅडम" नको. पुढे भांडायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, पण तिथेही कागद लागतो.

आता ते अर्जंट काम. तुमच्याकडे फक्त मिस्टरांच्या कंपनीचा ३ लाखांचा मेडिक्लेम आहे, नोकरी गेली की तोही गेला. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत मिळतं, नसेल तर काढून घ्या, पण ते यादीतल्या ठराविक उपचारांना. स्वतःची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक हेल्थ पॉलिसी) हवीच. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी त्याच २२ सप्टेंबरपासून शून्य झालाय, म्हणजे आधी जो १८ टक्के वर लागायचा तो गेला. आणि हे आत्ता करा, कारण ५.९ चं ६.५ झालं की फॉर्ममध्ये डायबेटिस लिहावं लागेल, प्रीमियम वाढेल किंवा कंपनी नाहीच म्हणेल. आजचं ५.९ पण लपवू नका, एजंट म्हणेल लिहायची गरज नाही, त्याचं ऐकू नका, क्लेमच्या वेळी एजंट नसतो. आधीपासूनच्या आजाराला वेटिंग (क्लेम मिळत नाही तो काळ) जास्तीत जास्त तीन वर्षं, जेवढ्या लवकर पॉलिसी सुरू तेवढी लवकर ती संपतात.

आयसीएमआरचा (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२३ मध्ये आलेला मोठा सर्व्हे आहे, त्यात डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. घरात सासूबाईंच्या औषधांना महिन्याला ३ हजार जातातच. म्हणून मिस्टरांना सांगा की फुकट-फुकट करून विषय संपवू नका, आणि जमलं तर त्यांचीही टेस्ट करून घ्या, फुटबॉल खेळतो म्हणून शुगर नसतेच असं काही नाही.

तुमची पुढची एचबीएवनसी डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांनी करा, त्याआधी करून पैसे घालवू नका, ती टेस्ट मागच्या साधारण तीन महिन्यांचाच हिशेब दाखवते. ३० तारखेला जिममधून फोन येईल, ऑफर शेवटची म्हणून. येऊ दे, पुढच्या महिन्यात परत येईल.