टॉरवर बिटकॉइन नोड: सुरुवातीला एवढंच

बिटकॉइन नोड, म्हणजे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक, टॉरवर, म्हणजे आयपी पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कवर, चालवायचाय ना? घाई करू नकोस, जमेल तुला. आधी १ टीबीची एसएसडी (वेगवान डिस्क) घे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मी आठवडे घालवलेत! जागा कमी असेल तर प्रूनिंग (तपासून झालेले जुने ब्लॉक पुसणं) चालू कर, नोड तरीही सगळं तपासतोच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- नोडच्या सेटिंगमध्ये टॉर ब्राउझरचा ९१५० पोर्ट (जोडणीचा क्रमांक) देतात. ब्राउझर बंद केला की नोड एकटा पडतो. टॉर सेवा म्हणून, म्हणजे मागे सतत चालणारं, वेगळं बसव, पोर्ट ९०५०.
- फक्त प्रॉक्सी (टॉरमधून जायचा मधला पत्ता) दिली की झालं, असं समजतात. बिटकॉइन कोअरमध्ये (नोडचं सॉफ्टवेअर) ऑनलीनेट ओनियन (onlynet=onion, फक्त टॉरच्या आतल्या पत्त्यांशी जोडण्याची सेटिंग) ठेवलं नाहीस, तर साध्या पत्त्यांशीही जोडण्या होतात, टॉरच्या एक्झिटमधून (टॉरमधून बाहेर पडायची जागा).

पहिलं सिंक, म्हणजे सगळी साखळी (बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद) उतरवून तपासणं, टॉरवर रेंगाळतं. मशीन चालू ठेव. आणि टॉर आयपी लपवतो, साखळीवरचे व्यवहार नाही. लाइटनिंगचं (बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं नेटवर्क) नंतर बघू.