घरी बनवलेल्या गाडीत सुटा बोल्ट सापडला, तो कुठला हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर बोल्ट मिळाला, डोक्यावर ८.८, पाना १३ चा लागतो, नट कुठेच नाही. आधी एक सांगतो, तो कुठला हे कळेपर्यंत गाडी बाहेर काढू नका, अगदी कोपऱ्यापर्यंत सुद्धा नाही.

८.८ हा मेट्रिक बोल्टच्या ताकदीचा दर्जा, त्यात १३ चा पाना म्हणजे एम८, म्हणजे ८ मिमी जाडीचा बोल्ट, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बहुतेक १.२५ मिमी. एम८ चा साधा नट हाताने फिरवून बघा, मोकळा गेला की नक्की झालं. सीटबेल्टच्या अँकरचा तो नसणार, तिथे सहसा ७/१६ इंची बारीक आट्याचा जाड बोल्ट असतो, तेवढी एक काळजी मिटली.

पण नुसत्या मापावरून जागा सापडत नाही, एम८ गाडीभर असतात. खरी माहिती बोल्टच्या अंगावर असते. डोक्याच्या खालच्या बाजूला गोल चकाकी किंवा रंग खरवडलेला दिसतो का बघा, असेल तर तो कधीतरी नीट आवळलेला होता आणि नंतर सुटलाय, काहीच खूण नसेल आणि आटे कोरे असतील तर गाडी बांधताना हातातून पडलेला असण्याची शक्यता जास्त. आट्यांवर निळा वाळलेला थर म्हणजे थ्रेडलॉक (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलेलं होतं. मग बिनआट्यांचा भाग बघा, तिथे घासलेले चकचकीत पट्टे असतील तर जोड ढिला होऊन पत्रे हलत होते आणि पट्ट्याची रुंदी म्हणजे साधारण त्या पत्र्याची जाडी, व्हर्नियर लावून मोजा आणि त्या जाडीचं ब्रॅकेट शोधा. हे मला सगळ्यात खात्रीचं वाटतं.

नट सापडतच नसेल तर बोल्ट आटे पाडलेल्या भोकात किंवा वेल्ड केलेल्या नटमध्ये बसत असेल. बोल्ट जिथे सापडला त्यावरून मी आधी सीटचे रेल बघेन, मग पेडल बॉक्स, मग स्टिअरिंग कॉलमचं ब्रॅकेट, आणि तिथे सगळं भरलेलं दिसलं तरी गाडी स्टँडवर घेऊन स्टिअरिंग रॅक, विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे), ब्रेकचे कॅलिपर एकेक बोल्टला पाना लावून बघाच.

जागा सापडली की हाच बोल्ट परत घालू नका, नवीन ८.८ घ्या, नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट) असेल तर तोही नवा, टॉर्क रेंचने आवळा आणि डोक्यावरून ब्रॅकेटवर पेंटची एक रेघ मारा, परत फिरला तर लगेच दिसेल. बिनआट्यांच्या भागाचा जवळून फोटो टाकलात तर अजून नेमकं सांगता येईल.