सराफ्याला घाबरू नका, टेबलावरचा शेवेचा डबा बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून इंदूरला येऊन दीड वर्ष झालं, यजमानांचं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, वजन ७८ किलो, औषध अजून नाही. आणि तुम्ही एक तारखेपासून साखर, भात, तळण, बाहेरचं खाणं सगळं एकदम बंद करायचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय. पहिल्याच ओळीत 'सराफा बंद', म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाणं बंद. विचारताय, अजून काय काय घालू?

काही घालू नका. तक्ता उतरवून ठेवा. मी तीस वर्षं इंदुरात, राजेंद्रनगरला राहते. असाच तक्ता आमच्याकडेही लागला होता, आमच्या यांची शुगर पहिल्यांदा वाढलेली निघाली तेव्हा. एका आहारकेंद्रातून छापील कागद आणला होता. एकोणीस दिवस चालला. विसाव्या दिवशी भाच्याचं केळवण होतं, तिथे मोडला तो मोडलाच, आणि पुढचे दोन महिने आम्ही आधीपेक्षा जास्त खाल्लं. त्या काळात घरात जी चिडचिड झाली, ती आठवून मला आजही वाईट वाटतं. सासूबाईंनी प्रेमाने केलेला शिरा यांनी ताटातून बाजूला सारला आणि त्या काही न बोलता आत निघून गेल्या.

आधी आकड्याबद्दल. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे तुम्ही वेळेत जागे झालात. अमेरिकेत अशाच अलीकडच्या पायरीवरच्या माणसांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. वजन सुमारे ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच त्या लोकांचं ध्येय होतं. तेवढ्याने पुढच्या तीन-एक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. यजमानांच्या ७८ किलोंतले ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. सावकाश उतरू द्या, सहा महिने लागले तरी चालेल.

आता सराफा. तुम्हीच लिहिलंय की महिन्यातून एकदा, फार तर दोनदा जाता. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री खाण्याच्या गाड्या, अशी ही गल्ली आपल्या शहराचा जीव आहे. घरी पाहुणे आले की तिथेच नेतो आपण. महिन्याच्या नव्वद जेवणांतलं एक तिथे झालं तर त्याने काही ६.१ होत नाही. ६.१ होतं ते उरलेल्या एकोणनव्वद जेवणांत, आणि इंदुरी घरात त्या एकोणनव्वदांवर काय पडतं ते मी बाहेरून आलेल्या प्रत्येकीला सांगते: शेव.

पुण्यात शेव मिसळीवर, भेळेवर. इथे ती पोह्यांवर, वरणभातावर, उसळीवर, दह्यावर, पराठ्याच्या कडेला, आणि काहीच नसेल तर नुसती मुठीत. टेबलाच्या मधोमध गोल झाकणाचा डबा. एकात बारीक, एकात लवंगेची. भाजी जरा कमी जमली की पहिला हात तिकडे जातो. तुमच्या घरी हा डबा आलाय का? दीड वर्षात आला असणारच.

आम्ही काय केलं ते सांगते. आपल्याकडे कचरागाडी रोज सकाळी दारात येते, ओला-सुका वेगळा करायची सवय शहराला लागून आता बरीच वर्षं झाली. मी एक महिनाभर फरसाणाची रिकामी पाकिटं सुक्या कचऱ्यात टाकलीच नाहीत. धुण्याच्या दोरीच्या खुंटीला एक पिशवी लटकवली आणि त्यात जमवली. कुणाला टोकलं नाही, कुणाचा हात धरला नाही. महिनाअखेरीला मोजली तर ४०० ग्रॅमची नऊ पाकिटं. चार माणसांत ३ किलो ६०० ग्रॅम शेव, म्हणजे माणशी रोजची तीस ग्रॅम, म्हणजे रोज दीड-पावणेदोनशे कॅलरी, वर मीठ. आणि हे कुणीही 'खाल्लं' म्हणून धरत नव्हतं, कारण ते जेवण नव्हतं. ती पाकिटं सासूबाईंनी स्वतः ओट्यावर ओळीने मांडली आणि त्याच म्हणाल्या, "एवढी?" छापील कागदाने जे झालं नाही ते त्या एका शब्दाने झालं.

मग डबा फेकला नाही. टेबलावरून उचलून वरच्या फळीवर ठेवला, स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागणार नाही असा. आणि टेबलावर त्याच जागी काकडी, मुळा, गाजर, कांदा यांची थाळी, लिंबू पिळून, वर चिमूटभर जिरावन, म्हणजे पोह्यांवर घालतात तो इथला खारट मसाला. दुसऱ्या महिन्यात पाकिटं चार झाली. आता दोन येतात, त्यातलं एक पाहुण्यांसाठी.

दुसरी गोष्ट चहा. यजमान दिवसाला चार कप घेतात असं तुम्ही लिहिलंय, कपाला दोन चमचे. चमचाभर साखर साधारण चार ग्रॅम, म्हणजे ३२ ग्रॅम रोज, महिन्याला जवळपास किलोभर, एकट्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत हवी आणि पंचवीसच्या आत असेल तर आणखी चांगलं. साखर बंद करू नका. पंधरा दिवस दीड चमचा, मग एक, मग पाऊण. जीभ बदलायला वेळ लागतो, पण बदलते. आमचे हे आता दुसऱ्यांकडचा चहा गोड लागतो म्हणून अर्धा ठेवतात.

सकाळच्या पोह्यांना दोष देऊ नका. इथले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल बेताचं असतं. अडचण सोबतच्या जिलबीची, तीही रिकाम्या पोटी. ऑफिसजवळच्या ठेल्यावर यजमानांनी "सेव कम, प्याज ज्यादा" एवढं सांगायला शिकावं, कुणी वाईट मानत नाही. उसळ-पोहे मिळत असतील तर फारच छान, कडधान्याने पोट धरून राहतं. जिलबी रविवारी, पोह्यांनंतर, एक.

जेवणाचा क्रम बदलणं हा मला सगळ्यांत स्वस्त बदल वाटतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण-उसळ, शेवटी पोळी-भात. पदार्थ तेच, पण साखर इतकी झपकन चढत नाही. आणि जेवण झालं की लगेच बसू नये, दहा-पंधरा मिनिटं चालावं. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर तेवढं अवलंबून राहावं लागत नाही. आम्ही रात्री जेवून कॉलनीतच दोन फेऱ्या मारतो. रिजनल पार्क जवळ आहे, तिथे रविवारी जातो, पण रोजचं चालणं घराच्या दारापासूनच सुरू झालं पाहिजे, नाहीतर पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात सुटतं. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस धरले तरी १५० होतात.

भाकरीबद्दल विचारलंत. माळव्यात पूर्वी ज्वारी आणि मका घरोघर होता. सोयाबीन आलं तशी शेतातली ज्वारी हटली आणि ताटात गहूच गहू झाला. आमच्या सासूबाईंना ज्वारीची भाकरी थापता येते, तुम्हालाही येत असेल. आठवड्यातून तीन रात्री करा. पण भाकरी म्हणजे औषध असं समजून तीन-तीन वाढू नका, पिठाने साखर वाढतेच. मोजून दीड-दोन, आणि सोबत दाट वरण किंवा सोयावडीची भाजी. सोयावडीत निम्मं प्रथिन असतं आणि इथे ती स्वस्त मिळते.

तेल-मीठ थोडक्यात. पळी काढून टाका, फोडणीला चहाचा चमचा वापरा. पळीने घालताना हाताला अंदाज राहत नाही. पोळीच्या कणकेतलं मीठ बंद करा, आठवड्याभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ पुरतं, आणि शेव-पापड-लोणचं-जिरावन यातच त्यातलं बरंच संपतं. एक मात्र कळकळीने सांगते: 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. आणि पुढे कधी यजमानांना शुगरची गोळी सुरू झालीच, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

हे सगळं एकदम करू नका, हेच परत परत सांगतेय. या महिन्यात फक्त शेवेचा डबा आणि रात्रीची फेरी. पुढच्या महिन्यात चहा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत परत तपासून मन खट्टू करून घेऊ नका.

आणि सराफ्याला जा. घरून थोडं वरण आणि कोशिंबीर खाऊन जा, तिथे दोघांत एक घ्या. भुट्ट्याचा कीस घ्या, थंडीत गराडू (एक कंद) घ्या, पण गराडू तळलेला असतो, म्हणून त्या दिवशी दुसरं तळलेलं नको. इथली शिकंजी लिंबाची नसते, दुधाची गोड आणि दाट असते. पुण्याहून आलेले हलकं पेय समजून मोठा ग्लास मागवतात, तसं करू नका. येताना गाडी जरा लांब लावा आणि राजवाड्यासमोरून चालत या.

खुंटीला पिशवी आजच लटकवा. महिनाअखेरीला पाकिटांचा आकडा इथे कळवा, मग पुढचं बघू.